गाडीचं जुनं रबर: काय वाचतं, काय बदलावं लागतं

गाडीचं दार उघडा आणि चौकटीभोवतीच्या रबरावर अंगठा दाबून बघा. रबर दबलं आणि अंगठा उचलताच परत वर आलं, तर त्यात अजून जीव आहे. दबलंच नाही, किंवा दबलं ते तसंच चपटं राहिलं, तर कुठलीही बाटली त्याला पूर्वीसारखं करू शकत नाही. नव्याने या कामाला हात घालणाऱ्यांचे पैसे बहुतेक इथेच वाया जातात. चकाकी आणणारी बाटली आधी घरी येते आणि रबराला नक्की काय झालंय हे नंतर बघितलं जातं. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी रबर ओळखायचं, मग त्याचं दुखणं, मग धुणं, आणि काही लावायचं ते सगळ्यात शेवटी.

बरेच जण हे काम गाडी चांगली दिसावी म्हणून करतात. मला ते महत्त्वाचं वाटतं ते पाण्यामुळे. दाराचं रबर कामातून गेलं की पाणी आतल्या गालिच्याखाली मुरतं आणि तळाचा पत्रा आतून गंजायला लागतो. हे सगळं नजरेआड चालतं, त्यामुळे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. रबराची पट्टी एका दुपारी बदलून होते. गंजलेला तळ कापून नवा पत्रा जोडणं हे फार मोठं काम आहे.

आधी ओळख पटवा

बाहेरून काळं दिसणारं सगळंच रबर नसतं. बंपरचा खालचा खरबरीत काळा भाग, चाकांच्या कमानींवरच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी हे बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचं असतं. नख दाबून बघा. रबरात नख रुततं आणि खूण भरून येते, प्लास्टिकवर ते घसरतं. हे प्लास्टिक उन्हाने पांढुरकं पडतं आणि त्यावरचे उपाय वेगळे आहेत. हीट गनची झळ देऊन ते पुन्हा काळं करण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. ती प्लास्टिकसाठी आहे आणि तिथेही तिचा परिणाम तात्पुरताच असतो. रबरावर ती अजिबात करू नका, वरचा थर करपतो.

आता खऱ्या रबराच्या जागा. दाराच्या चौकटीभोवती पोकळ, स्पंजसारखं मऊ रबर असतं. दार लागलं की ते दबून फट बुजवतं. काच ज्या खाचेतून वरखाली होते तिथे घट्ट रबर असतं आणि काच घासते त्या बाजूला बहुधा मखमलीसारखे बारीक तंतू चिकटवलेले असतात. काचेच्या तळाशी, दाराच्या बाहेरच्या अंगाला एक आडवी पट्टी असते, ती काच खाली जाताना तिच्यावरचं पाणी निपटते. डिकी आणि बोनेट यांना आपापलं रबर असतं. समोरच्या आणि मागच्या मोठ्या काचेभोवतीची काळी कड कधी रबराची, कधी रबरासारख्या मऊ प्लास्टिकची असते. उन्हाचा सगळ्यात जास्त मारा आडव्या पट्टीवर आणि या मोठ्या काचांच्या कडेवर होतो, म्हणून आधी जुनाट दिसू लागतात त्या याच जागा.

अलीकडच्या गाड्यांत दारांचं रबर मुख्यतः ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या जातीचं असतं. हे नाव लक्षात ठेवा, कारण काय लावायचं आणि काय नाही हे त्यावर ठरतं. थोडं मागे जाऊन सांगतो. गंधक मिसळून तापवलेलं रबर गरमीत चिकट आणि थंडीत ठिसूळ होत नाही, हे चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये सापडलं आणि 1844 मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. गंधक रबराच्या लांबलचक साखळ्यांना एकमेकींशी बांधतं, म्हणून ताणलेलं रबर परत जागेवर येतं. जुनं होताना बिघडतात ते हे बांध आणि या साखळ्या. कुठे साखळी तुटते, कुठे नको तितके नवे बांध पडतात, आणि रबर कडक होत जातं. नैसर्गिक रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांनाच तोडतो. रबर जिथे ताणलेलं असेल तिथे ताणाला आडवे तडे पडतात ते त्यामुळे. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत असे दुहेरी बंध नसतात, म्हणून ते ऊन, पाणी आणि ओझोन यांना फार चांगलं तोंड देतं.

त्याचं दुखरं अंग दुसरं आहे: पेट्रोलियमपासून बनलेली तेलं. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, साधं खनिज ग्रीस, पेट्रोलियम जेली यांनी ईपीडीएम फुगतं. गंमत अशी की ईपीडीएम बनवतानाच त्यात तेल मिसळलेलं असतं आणि वर्षानुवर्षं ते हळूहळू निघून गेल्यामुळेही रबर आक्रसतं. त्यावरून कुणालाही वाटेल की वरून तेल चोळलं की कमी भरून निघेल. तसं होत नाही. वरून चोळलेलं तेल जिथे लागलं तिथे हवं तेवढं शिरतं, एक जागा फुगते, शेजारची तशीच राहते, आणि सरळ पट्टीला लाटा येतात. सुरुवातीचे काही दिवस रबर मऊ आणि काळंभोर दिसतं, म्हणून हा उपाय लागू पडला असं वाटतं आणि तो पुढच्याला सांगितला जातो.

रबराचं दुखणं कसं वाचायचं

पांढरं फडकं ओलं करून रबरावरून एकदाच ओढा. फडक्याला तपकिरी किंवा मातकट रंग लागला तर तो मळ आहे, आणि ही चांगली बातमी. काळा रंग लागला तर रबराचा वरचा थर सुटा होत चालला आहे. रबराला काळेपणा असतो तो काजळीचा, म्हणजे कार्बन ब्लॅकचा. ती उन्हातले अतिनील किरण शोषून घेऊन रबराचं रक्षण करते. वरचं रबर झिजलं की काजळी मोकळी होते आणि फडक्यावर येते. थोडा काळा रंग चालून जातो. दरवेळी फडकं काळंकुट्ट होत असेल तर हे रबर शेवटच्या टप्प्यात आहे असं समजा.

पांढुरकी झाक असेल तर एक फरक ओळखायचा असतो. काही रबरांत मेण मिसळलेलं असतं, ते आपणहून पृष्ठभागावर येऊन पांढरट पापुद्रा करतं. तो पुसला की खालचं रबर ठीकठाक निघतं. दुसरा पांढरेपणा गाडीला लावलेल्या पॉलिशचा असतो, रबराच्या खरबरीत अंगात अडकून वाळलेला. आणि तिसरा उन्हाने करपलेल्या रबराचा, तो पुसून जात नाही.

मग तडे. रबर बोटांनी हलकं वाकवा. केसासारखे वरवरचे तडे दिसले आणि वाकवणं सोडताच मिटले, तर अशा रबराला सांभाळून पुढे नेता येतं. तड्यात नख जात असेल, किंवा वाकवताना तुकडा सुटून हातात येत असेल, तर पुढचं धुणं-पुसणं सोडून सरळ बदलण्याच्या भागाकडे जा.

चिकट झालेलं रबर हा वेगळाच प्रकार आहे. धुऊन, वाळवूनही बोट चिकटत असेल तर रबर आतून विरघळल्यासारखं सुटत चाललं आहे. त्याला परतीची वाट नाही. टाल्कम पावडर लावून काही दिवस ढकलता येतात, इतकंच.

पाणी येतंय? आधी खात्री करा

रबर दोषी आहे की नाही हे तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण एका गाडीत मागच्या सीटच्या पायाशी पाणी साचत होतं आणि मी दाराचं रबर दोनदा काढून परत बसवलं होतं. पाणी येतच राहिलं. शेवटी दाराचं आतलं पॅनल काढलं तेव्हा दिसलं की पॅनलच्या मागचा प्लास्टिकचा पडदा एका कोपऱ्यात सुटला होता. दाराच्या काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या पोटात जाणारच, तशीच त्याची रचना असते. ते आत गाडीत येऊ नये म्हणून हा पडदा असतो आणि बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला भोकं असतात. भोकं चिखलाने बुजली किंवा पडदा सुटला की पाणी आत शिरतं आणि नाव रबराचं खराब होतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून खाली जाणाऱ्या नळ्याही अशाच तुंबतात.

म्हणून पहिली तपासणी दाराच्या खालच्या भोकांची. बारीक, मऊ तार किंवा केबल टाय आत घालून ती मोकळी करा. मग कागदाची पट्टी घ्या, दाराच्या चौकटीत धरा, दार लावा आणि पट्टी ओढा. ती ताण देत, घासत बाहेर आली पाहिजे. सहज निसटली तर तिथे रबर दाराला टेकतच नाही. असं दर वीतभर अंतरावर करत पूर्ण चौकट फिरा. आणखी नेमकं हवं असेल तर रबरावर खडूची भुकटी लावा, दार एकदा लावून उघडा आणि दाराच्या पत्र्यावर उमटलेली रेघ बघा. रेघ जिथे तुटली तिथे फट.

पाण्याची परीक्षा शेवटी. एक जण आत टॉर्च घेऊन बसेल, दुसरा बाहेरून पाइपने पाणी सोडेल, बारीक धारेने आणि खालून वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा कळत नाही. खालच्या कडेवर दोन-तीन मिनिटं, मग थोडं वर, असं सरकत जा. प्रेशर वॉशर यासाठी वापरू नका, त्या जोराने चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं.

कागद एकाच बाजूला, समजा वरच्या मागच्या कोपऱ्यात, सैल येत असेल तर दार बिजागरीवर झुकलंय का ते बघा. दार उघडून त्याचं टोक हलकं वर उचला. खडखड जाणवली तर बिजागरीचा दोष आहे. दार लागतं तो चौकटीवरचा आकडा सरकवूनही दाब कमीजास्त करता येतो. अशा वेळी नवं रबर बसवलं तरी फट राहणारच.

धुणं

बरीच रबरं नुसत्या धुण्याने सुधारतात. इथे घाई करू नका.

लागेल ते एवढंच: कोमट पाणी, गाडी धुण्याचा साधा शाम्पू, मऊ दातांचा जुना टूथब्रश, दोन-तीन मायक्रोफायबर फडकी आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. गाडी सावलीत आणि पत्रा गार असू द्या.

आधी सुकी धूळ आणि वाळू ब्रशने झटकून काढा, नाहीतर तीच रबरावर घासली जाते. मग शाम्पूच्या पाण्यात फडकं पिळून पट्टी दोन्ही बाजूंनी पुसा. दाराच्या रबराची पातळ कड बोटाने उचलून तिच्या मागची खाच बघा. बहुतेकांनी ती कधीच उघडून पाहिलेली नसते, आणि सगळ्यात जास्त चिखल तिथेच बसलेला असतो. ओलावा तिथेच टिकतो, त्यामुळे पत्र्याचा गंजही तिथूनच सुरू होतो. टूथब्रश लांबीच्या दिशेने फिरवा. आडवा घासला तर स्पंजी रबराचे कण निघतात.

वाळलेलं पांढरं पॉलिश नुसत्या शाम्पूला दाद देत नाही. सर्व कामांसाठीचं क्लीनर एक भाग आणि पाणी दहा भाग असं पातळ करून टूथब्रशने छोट्या छोट्या टापूत घासा आणि लगेच पुसून घ्या. एका वेळी हातभर लांबी पुरे. शिसपेन्सिलीचा मऊ खोडरबरही या कामी चांगला चालतो, विशेषतः बाहेरच्या आडव्या पट्टीवर. पुढच्या वेळी पॉलिश करण्याआधी रबरावर मास्किंग टेप लावली की ही मेहनतच उरत नाही.

बाहेरची घट्ट, गुळगुळीत पट्टी करपून पांढरी पडली असेल तर करड्या रंगाचं बारीक घासणीचं पॅड ओलं करून अगदी हलक्या हाताने फिरवता येतं. मेलेला थर निघतो आणि खालचा काळा दिसतो. शेजारच्या रंगावर टेपचे दोन थर लावल्याशिवाय हे करू नका. पोकळ, स्पंजी रबरावर हा प्रयोग नको, त्याची वरची पातळ कातडी एकदा गेली की ते पाणी पिऊ लागतं.

थिनर, पेट्रोल, रॉकेल यांनी मळ झटक्यात निघतो हे खरं आहे. रबर फुगतं आणि थिनरने शेजारचा रंगही जातो, हेही खरं आहे.

धुऊन झाल्यावर स्वच्छ पाण्याचं फडकं फिरवा आणि दारं उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या. खाचांमध्ये पाणी राहतं, तासभर तरी थांबा.

काय लावायचं

रबराला कुणी खाऊ घालू शकत नाही. बाटल्यांवर पोषण वगैरे शब्द असतात, पण वरून लावलेला पदार्थ तुटलेल्या साखळ्या जोडत नाही. तो करतो ते दुसरंच आणि तेही कामाचं असतं: घर्षण कमी करतो, दार लागताना-उघडताना रबर पत्र्याला चिकटून ओढलं जाऊ देत नाही, पाणी आणि धूळ लांब ठेवतो, आणि उन्हापासून संरक्षण देणारा असेल तर करपणं लांबवतो. एवढ्याच अपेक्षेने लावलंत तर निराशा होणार नाही.

दार, डिकी आणि बोनेट यांच्या रबराला सिलिकॉन ग्रीस. ईपीडीएमला ते चालतं, पाण्याने सहज धुऊन जात नाही, आणि थंडीत दार रबराला चिकटून बसत नाही. प्रमाण मात्र अगदी कमी ठेवा. मुगाच्या दाण्याएवढं बोटावर घ्या, हातभर लांबीवर चोळा, पाच-दहा मिनिटांनी सुक्या फडक्याने जादाचं पुसून काढा. रबर बोटाला रेशमी लागावं, ओलं लागू नये. ओलं ठेवलं तर त्यावर धूळ बसून घासणीचा कागदच तयार होतो, आणि चढता-उतरताना कपडे खराब होतात ते वेगळंच.

बाहेरून दिसणाऱ्या पट्ट्यांना पाण्यावर आधारित, उन्हापासून संरक्षण असलेलं ड्रेसिंग, म्हणजे वरून लावायचा द्रव लेप, बरा. तो रबरावर थेट फवारू नका. फोमच्या तुकड्यावर घेऊन लावा, म्हणजे काचेवर आणि रंगावर उडत नाही. टायर चमकवणारे तेलकट पदार्थ इथे नकोत. त्यांतल्या अनेकांत पेट्रोलियमचे द्रावक असतात आणि पहिल्या पावसात ते दारावर ओघळून डाग पाडतात. बूटपॉलिशचंही तसंच, ते कपड्यांना लागत राहतं.

सिलिकॉनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडीचा एखादा भाग लवकरच रंगवायचा असेल तर तोवर त्याच्या जवळपास सिलिकॉन लावू नका. पत्र्यावर त्याचा अंश राहिला तर नवा रंग तिथून मागे सरतो आणि गोल गोल खड्डे पडतात. स्प्रे वापरणार असाल तर फडक्यावर मारून मगच लावा. समोरच्या काचेवर आणि वायपरच्या रबरावर तर ते अजिबात जाऊ देऊ नका, रात्री पावसात काचेवर तेलकट पडदा येतो आणि समोरचं दिसत नाही.

काचेच्या खाचा

पॉवर विंडोची काच हळू चालायला लागली की मोटर बिघडली असं वाटतं. पुष्कळदा दोष खाचेतल्या वाळूचा असतो. काच पूर्ण खाली घ्या, पातळ पट्टीला ओलं मायक्रोफायबर गुंडाळून खाचेत वरपासून खालपर्यंत फिरवा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. पूर्ण वाळल्यावर लगेच वाळणारा सिलिकॉन स्प्रे त्याच पट्टीवर मारून खाचेत एकदा फिरवा. इथे ग्रीस नको, मखमली तंतू त्यात बसून चिखल होतात. तंतू झिजून रबर उघडं पडलं असेल तर ती खाच बदलावी लागते.

फाटलेलं जोडणं

चीर छोटी आहे, रबर अजून मऊ आहे आणि तुकडा हरवलेला नाही, अशा वेळीच जोडण्यात अर्थ आहे.

चिरेच्या दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाळू द्या. जुनं सिलिकॉन किंवा ग्रीस राहिलं तर गोंद धरणार नाही, म्हणून दोनदा पुसलेलं बरं. स्वच्छ कापलेल्या चिरेसाठी सायनोअॅक्रिलेट, म्हणजे आपला झटपट चिकटणारा सुपरग्लू, चांगला पकडतो. एका बाजूला अगदी पातळ रेघ द्या, कडा नीट जुळवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. जास्त लावला तर जोड काचेसारखा कडक होतो आणि दार लागताना त्याच्या शेजारी नवी चीर पडते.

रबर पत्र्यावरून सुटलं असेल तर वेगळा गोंद लागतो: वेदरस्ट्रिप ॲडेसिव्ह, जो निओप्रीनसारख्या रबरापासून बनवलेला कॉन्टॅक्ट गोंद असतो. काळा घ्या, पिवळा असेल तर कडेने डोकावतो. जुन्या गोंदाचा थर आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा. मग पत्र्यावर आणि रबरावर, दोन्हीकडे पातळ थर द्या. बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, इतका सुकेपर्यंत थांबा आणि मगच दाबा. हा थांबण्याचा वेळ लोक गाळतात आणि मग गोंदाला दोष देतात. टेपने धरून ठेवा आणि जमल्यास रात्रभर दार उघडंच राहू द्या. अर्थात आधी गाडीतला दिवा बंद करा, बॅटरी उतरू नये म्हणून.

चपटं झालेलं पोकळ रबर

रबर मऊ आहे, फाटलेलं नाही, फक्त वर्षानुवर्षं दबून बसलंय, अशी एक मधली अवस्था असते. दार दोन-तीन दिवस उघडं ठेवता आलं तर ते थोडं वर येतं. हेअर ड्रायरची ऊबही मदत करते, हाताला सोसेल इतकीच. पण सारखा दाब बसून रबराच्या आत नवे बांध पडलेले असतात, त्यामुळे पूर्ण उंची परत येत नाही.

फट एखाद्या कोपऱ्यापुरती असेल तर पोकळीत योग्य जाडीची मऊ फोमची दोरी किंवा बारीक मऊ नळी सरकवता येते. दोरीला साबणाचं पाणी लावलं की ती सहज आत जाते. मात्र रबराच्या अंगावर मध्ये मध्ये बारीक भोकं दिसतील, ती बुजवू नका. दार लागताना आतली हवा तिथून बाहेर पडते. ती अडली तर दार उसळून परत येतं.

नवं रबर बसवणं

हे काम दिसतं त्यापेक्षा सोपं आहे, पण क्रम चुकवू नये. नवं रबर त्याच गाडीच्या त्याच दाराचं घ्या. मीटरवर मिळणारं सर्वसाधारण रबर वापरायचंच असेल तर जुन्याचा हातभर तुकडा कापून त्याचा छेद जुळवा: गोल भागाची जाडी, खाचेची रुंदी आणि गोल भाग खाचेच्या वर आहे की बाजूला. दोन मिलिमीटरचा फरकही दार लागू देत नाही.

जुनं रबर काढण्याआधी त्याचे फोटो घ्या, विशेषतः जोड कुठे आहे आणि कोपऱ्यात ते कसं वळलंय याचे. मग एका टोकाने हळूहळू ओढून काढा. ते पत्र्याच्या उभ्या कडेवर बसलेलं असतं आणि त्याच्या पोटात धातूची किंवा तारेची पकड असते. ती बोट कापू शकते, हातमोजे घाला.

आता उघडा पडलेला पत्रा नीट बघा. गंज दिसला तर इथेच थांबून तो काढायचा. घासून चकचकीत पत्रा लागेपर्यंत जा, गंजरोधक प्रायमर आणि रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. गंजावर नवं रबर बसवलं तर आत ओलावा अडकतो आणि गंज पूर्वीपेक्षा वेगाने वाढतो. पत्र्याची कड कुठे वाकली असेल तर पक्कडीने, मध्ये फडकं धरून, सरळ करा.

रबर बसवायला सुरुवात खालच्या उंबऱ्याच्या मध्यापासून करा, म्हणजे जोड तिथे येईल, डोक्यावर नाही. हाताने दाबत पुढे जा. ताणू मात्र नका. नव्याने करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. ताणून बसवलेलं रबर पहिल्या दिवशी छान दिसतं, मग हळूहळू मूळ लांबीवर येतं, कोपऱ्यात पत्रा सोडून आत खेचलं जातं आणि जोडाशी फट पडते. कोपऱ्यात उलट थोडं जास्त रबर ढकला. चौकट पूर्ण झाली की उरलेला भाग लगेच कापू नका. सगळीकडे रबरी हातोडीने हलकं ठोकून बसवा, मग दोन्ही टोकं एकमेकांना टेकतील त्याहून पाच ते दहा मिलिमीटर जास्त ठेवून धारदार ब्लेडने सरळ कापा. ते जास्तीचं रबर दाबून आत बसवायचं, म्हणजे जोड घट्ट राहतो. हवं तर टोकांना सुपरग्लूचा एक थेंब लावा.

पहिले काही दिवस दार जड लागेल, जोरात ओढावं लागेल. लगेच आकडा सरकवू नका. रबर आठवड्याभरात आपली जागा घेतं. त्यानंतर पुन्हा कागदाची पट्टी फिरवून बघा.

ज्याला हात लावू नये

आताच्या गाड्यांत समोरची काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने पत्र्याला चिकटवलेली असते आणि गाडीच्या मजबुतीत तिचा वाटा असतो. बऱ्याच गाड्यांत पुढच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना तिला याच काचेचा आधार मिळतो. कडेची शोभेची पट्टी धुवा, ड्रेसिंग लावा, पण काच हलत असेल किंवा कडेने पाणी येत असेल तर वरून सिलिकॉन भरू नका. ते काम काच बसवणाऱ्या जाणकाराचंच.

ब्रेकचे होस, कूलंटचे पाइप, ॲक्सलची रबरी बूट, सस्पेंशनचे बुश यांना तडे दिसले तर ते बदलायचे असतात. त्यांना मऊ करण्याचा, चिकटवण्याचा किंवा काळं करण्याचा कुठलाही उपाय करू नका. ब्रेक, क्लच आणि एक्सलरेटर यांच्या पेडलवरच्या रबराला आणि स्टिअरिंगला ड्रेसिंगचा थेंबही लागता कामा नये, पाय आणि हात घसरतात.

पुढे काय

गाडी धुताना दरवेळी दारांच्या खाचा ओल्या फडक्याने पुसल्या तर वेगळं धुणं लागतच नाही. सिलिकॉन ग्रीस दर तीन-चार महिन्यांनी, आणि कडाक्याची थंडी सुरू होण्याआधी एकदा. बाहेरच्या पट्ट्यांचं ड्रेसिंग लवकर उतरतं. पाणी त्यांच्यावर थेंबासारखं न थांबता पसरायला लागलं की परत लावा. गाडी उन्हात उभी राहत असेल तर उन्हाकडच्या बाजूच्या पट्ट्या आधी तपासा, आणि वर्षातून एकदा चारही दारांना कागदाची पट्टी लावून फिरा.